फोन ठेवू न देणारा माणूस

ताई,

तुमचं पत्र अर्धं वाचून झालं आणि मी थांबले. सदर प्रसिद्ध व्हायला पंधरा दिवस लागतात, आणि अशा प्रकरणात पंधरा तासही फार असतात. म्हणून त्याच संध्याकाळी ‘१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी तक्रार क्रमांकाला, फोन लावा, आत्ता’ एवढंच ईमेलने कळवलं. तुम्ही लावलात, तक्रारीचा पोच क्रमांक मिळाला, आणि गेलेल्यातले एकतीस हजार एका खात्यात अडकवून ठेवल्याचंही कळवलंत. आता जरा निवांत बोलू.

बाकीच्या वाचकांना थोडक्यात सांगते. या ताई नेरुळच्या. वय एकसष्ट, शाळेत गणित शिकवून निवृत्त. सिडकोच्या जुन्या इमारतीत नवरा-बायको दोघंच राहतात, मुलगा-सून पुण्याला. एका गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला मेसेज आला की मागच्या महिन्याचं गॅसचं बिल ‘अपडेट’ झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला पाइपगॅस बंद होईल, अधिकाऱ्यांशी संपर्क साधा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर होता. बिल तर भरलं होतं. तरी ताईंनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली, ती उघडायला लावली, आलेल्या पानावर डेबिट कार्डाचा नंबर आणि पिन भरून ‘फक्त बारा रुपये’ भरायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टेशनजवळच्या एटीएमवर शिल्लक पाहिली तेव्हा पन्नास हजार, साडेएकोणपन्नास हजार आणि साडेबेचाळीस हजार अशा तीन हप्त्यांत एक लाख बेचाळीस हजार गेलेले.

ताई लिहितात, ‘मी पोरांना शेकडेवारी शिकवायची. बारा रुपयांसाठी एवढे घालवून बसले. मुलाला सांगितलेलं नाही. सांगावं का? पैसे परत मिळतील का? आणि यांचं वेगळंच चाललंय. हे मार्चपासून कुठल्याशा शेअरच्या ग्रुपमध्ये आहेत, म्हणतात तुझे गेले ते मी तिथून भरून काढतो.’

शेवटच्या वाक्याने मला सगळ्यात जास्त धडकी भरली. तिकडे येतेच, पण आधी तो फोन.

तुम्ही लिहिलंय की तो माणूस चाळीस मिनिटं बोलत होता. तुम्ही तीनदा म्हणालात, थांबा, यांना विचारते. तिन्ही वेळा तो म्हणाला, ‘सर को क्यों परेशान करना, दो मिनट का काम है, फोन काटना मत.’ मधेच दूध उतू जायला लागलं, तेव्हा म्हणाला, ‘गॅस बंद करके आइए मॅडम, मैं लाइन पे हूँ.’ ताई, हे वाचून मला हसू आलं, माफ करा. ज्याचा गॅस तोडायचाय त्यालाच हा गॅस बंद करून ये म्हणतो, आणि तुम्ही ओट्यापाशी जाऊन शेगडी बंद करून परत येता! त्या अर्ध्या मिनिटात तुमचा हात शेगडीच्या बटणावर होता, घर तुमचं होतं, हे शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होते. पण फोन चालू होता, त्यामुळे तुम्ही मनाने तिथे नव्हताच.

मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका बँकेच्या शाखेत एकतीस वर्षं काढली. त्या वर्षांत मी एकाही ग्राहकाला ‘फोन ठेवू नका’ असं म्हटल्याचं आठवत नाही. उलट फोन कधी ठेवतायत याची वाट बघायचो आम्ही. समोर रांग, डोक्यावर साहेब, आणि या बाई मुदत ठेवीच्या व्याजाचं तिसऱ्यांदा विचारतायत. आपल्याकडच्या कुठल्याही खऱ्या कार्यालयाला तुम्ही फोन ठेवावा याचीच घाई असते. गॅसवाले, वीजवाले, पोस्ट, पोलीस, बँक, सगळे. तेव्हा पलीकडचा माणूस चिकटून बसला, तुम्हाला फोन ठेवू देईना, घरच्यांना विचारू देईना, तर तो कोण आहे हे ओळखायला आणखी काही लागत नाही. तो हिंदी बोलतो की मराठी, त्याच्याकडे तुमचा ग्राहक क्रमांक आहे की नाही, फोटोत कसली टोपी घातलीय, हे सगळं मागाहून.

गणिताचं म्हणाल, तर तुमचं गणित कुठेच चुकलं नाही. बिल भरलंय हे तुम्हाला माहीत होतं, त्याला तसं सांगितलंतही. पडताळा करायला लागतात ती पाच मिनिटं तेवढी त्याने तुम्हाला दिली नाहीत.

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी घराला रंग काढायचा म्हणून जुनं शिसवी कपाट विकायला काढलं. जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर फोटो टाकला. तासाभरात फोन. मी फौजी आहे, बदली होऊन ठाण्यात येतोय, कपाट पसंत आहे, घासाघीस नाही, आठ हजार आगाऊ देतो. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. मग क्यूआर कोड आला. ‘इसको स्कॅन करके पिन डालिए, पैसा आपके खाते में आ जाएगा.’ आता बघा, यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही, हे वाक्य मी स्वतः काउंटरवरून शेकडो लोकांना ऐकवलेलं. पण फौजी माणूस, त्याला कशाला ताटकळत ठेवायचं, म्हणून मी स्कॅन केलं आणि पिनचे दोन आकडे दाबलेसुद्धा. तेवढ्यात खाली घंटागाडी आली. आमच्याकडे ती एकदा गेली की गेली. मी फोन तसाच टेबलावर टाकून ओला कचरा, सुका कचरा घेऊन खाली पळाले. जिना चढून परत येताना, दुसऱ्या मजल्यावर, डोक्यात उजेड पडला. वर आले तर तो अजून लाइनवरच, ‘मॅडम, मॅडम’ करत होता. मला माझ्या अकलेने वाचवलं असं मी कुणाला सांगत नाही. घंटागाडीने वाचवलं.

गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याची एवढी चर्चा झाली, त्या ‘डिजिटल अरेस्ट’चाही प्राण या न ठेवलेल्या फोनातच आहे. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमचं आधार हवालाच्या प्रकरणात वापरलंय असं सांगून व्हिडिओ कॉल लावतात. मागे पोलीस ठाण्याचा देखावा, गणवेश, खोटं वॉरंट. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, सांगाल तर त्यालाही अटक. माणसं दिवसच्या दिवस स्वतःच्याच घरात कोंडून घेऊन बसली आहेत आणि मधेच बँकेत जाऊन ठेवी मोडून पैसे पाठवून आली आहेत. भारतीय कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांचा तपास सीबीआयकडे सोपवला. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, आणि ‘तपासणीसाठी’ तुमची ठेव दुसऱ्या खात्यात मागत नाहीत.

गंमत म्हणा की शोकांतिका, हे नाटक आपल्या जिल्ह्याला जुनं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, आठवतं का? तिथली आपली पोरं रात्रभर अमेरिकेतल्या लोकांना फोन लावत. मी तिथल्या आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरला नाही तर अर्ध्या तासात पोलीस दारात येतील. आणि तो ‘कर’ घ्यायचे गिफ्ट कार्डांच्या नंबरांवर! दुकानात जाऊन कार्ड विकत घेऊन त्यावरचा नंबर वाचून दाखवेपर्यंत समोरच्याला फोन ठेवू द्यायचा नाही, ही तिथली शिस्त. तिकडचे निवृत्त आजी-आजोबा तुमच्यासारखेच घाबरले आणि फसले. तेव्हा आपण ‘काय भोळे हे अमेरिकन’ म्हणून हसलो होतो.

आता त्या फाइलविषयी. पत्रात तुम्ही ‘पीडीएफ होती’ असं लिहिलंय, पण पाठवलेल्या फोटोत नावाच्या शेवटी ‘.एपीके’ दिसतंय. ते बिल नव्हतं, ॲप होतं. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप बसवायची ही मागची वाट आहे. बसवताना फोनने तुम्हाला धोक्याचा इशारा दिला असणार, आणि तो म्हणाला असणार, ‘ओके कर दीजिए, नॉर्मल है.’ मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली आणि मिळवली. त्यानंतर बँकेने पाठवलेला प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे पोचत होता. खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज तुम्हाला दिसलेच नाहीत, याचं कारणही बहुधा हेच. म्हणून ‘मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही’ हे तुमचं म्हणणं खरं आहे. सांगायची गरजच उरली नव्हती.

हेच सोंग वेगवेगळ्या नावांनी येतं. लग्नपत्रिका, वाहतुकीचं ई-चलन, वीजबिल, बँकेचं केवायसी, पेन्शनीसाठी हयातीचा दाखला. लग्नसराईत पत्रिका जास्त. ज्या भाच्याच्या नंबरवरून पत्रिका आली, त्याचाही फोन आधी असाच काबीज झालेला असतो, म्हणून ‘ओळखीच्या नंबरवरून आलंय’ यालाही अर्थ नाही. पत्रिका बघण्यासाठी ॲप बसवावं लागत नाही, एवढं धरून ठेवा.

तुमचा तो फोन अजून तसाच वापरात असेल तर थांबवा. आधी त्याचं इंटरनेट बंद करा आणि सिम काढून साध्या हँडसेटमध्ये घाला. फोटो, नंबर काय हवे ते एखाद्या जाणत्याकडून बाजूला काढून घ्या आणि मग फोन पूर्ण कोरा करा, ज्याला दुकानदार फॅक्टरी रीसेट म्हणतात. ॲपचं चिन्ह दिसत नाही म्हणून ते गेलं असं समजू नका, ही ॲपं चिन्ह लपवतात. पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलायचे ते या फोनवरून नाही, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. आणि नेरुळ स्टेशनबाहेरच्या दुकानात फोन दुरुस्तीला देऊन भाजी घ्यायला जाऊ नका, समोर बसून करून घ्या.

बिलाबाबत खरं-खोटं करायचं असेल तर मेसेजमधला नंबर सोडून कुठलाही रस्ता चालेल. कागदी बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून तुम्ही नेहमी बिल भरता त्याच ॲपवर बघा, थकबाकी असेल तर तिथे दिसेलच. तक्रारीचा नंबर बिलावर छापलेला असतो. तो गूगलवर शोधू नका, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण खोटे ‘कस्टमर केअर’ नंबर पेरून ठेवणं हा एक स्वतंत्र धंदाच आहे आणि घाईत असलेला माणूस वरचा पहिला नंबर लावतो. कंपनीचे आणि बँकेचे खरे मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतात, आणि आता त्या नावाच्या शेवटी एस, टी, पी, जी यांतलं एक अक्षर असतं. एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, पी म्हणजे जाहिरात, जी म्हणजे सरकार. बँका आणि विमा कंपन्यांच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला लावली आहेत, तो पत्ता दुसऱ्या कुणाला मिळत नाही. हे सगळं उपयोगाचं आहे. पण संध्याकाळी सव्वासातला, दूध शेगडीवर असताना, शेवटचं अक्षर एस होतं की पी हे कुणी बघत नाही. म्हणून मी फोन ठेवण्यावर एवढी अडून बसलेय.

पैशांचं आता. इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही.

१९३० वर तक्रार झाली की पैसे ज्या बँकेत गेले तिला लगेच कळवलं जातं. तिथे शिल्लक असेल तर ती रोखून धरतात, पुढे गेली असेल तर पुढच्या बँकेला कळवतात. भामटे रक्कम तासाभरात पाच-सहा भाड्याच्या खात्यांतून फिरवून एटीएमने काढतात, म्हणून पहिला तास लाखमोलाचा. तुमचे तीन-चार दिवस गेले होते, तरी एकतीस हजार सापडले हे नशीबच. ते आपोआप तुमच्या खात्यात येणार नाहीत, कोर्टाचा आदेशही लागू शकतो. त्यासाठी सायबर पोलीस ठाण्यात तुमच्या पोच क्रमांकाचा पाठपुरावा करा आणि अर्ज कसा करायचा ते तिथेच विचारा. पुण्याचा मुलगा सोबत असला तर फेऱ्या कमी वाटतील. हे त्याला सांगायचं एक कारण झालं.

उरलेल्या एक लाख अकरा हजारांचा प्रश्न बँकेशी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात जबाबदारीची वाटणी केली. चूक बँकेची असेल तर नुकसान बँकेचं. चूक दोघांचीही नसेल आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य, चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. पण ग्राहकाने आपला पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कार्डाचा नंबर आणि पिन तुम्ही स्वतः त्या पानावर भरलात, बँक यावरच बोट ठेवेल. तरीही लेखी तक्रार कराच. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्या परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. शिवाय पेन्शनीच्या खात्यातून, जिथे महिन्याला दूध-किराण्यापलीकडे काही हलत नाही, तिथून एका रात्रीत तीन मोठ्या रकमा जाताना बँकेची यंत्रणा गप्प का बसली, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. मी काउंटरच्या त्या बाजूला बसलेली बाई आहे, म्हणून सांगते, तोंडी विचारलेल्या प्रश्नाला बँकेत वजन नसतं. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन घरी ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही.

येत्या काही आठवड्यांत तुम्हाला आणखी एक फोन येईल, त्याची आत्ताच तयारी ठेवा. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवून देण्याची फी सात हजार.’ किंवा कुणी वकील असल्याचं सांगेल. तुमचं नाव, गेलेली रक्कम, तारीख, सगळं त्याला तोंडपाठ असेल, कारण फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. एकदा पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, पण पैसे परत मिळतील म्हटल्यावर फुंकायचं राहून जातं. पोलीस परताव्यासाठी फी घेत नाहीत.

मुलाला सांगावं का, हे तुम्ही पत्रात दोनदा विचारलंय, म्हणजे सांगायचंय तुम्हाला. भीती कशाची ते लिहिलं नाहीत, पण अंदाज येतो. ‘आई, तुला किती वेळा सांगितलं होतं,’ हे वाक्य. आणि त्यानंतर हळूहळू फोन, एटीएम कार्ड, खातं सगळं ‘मी बघतो’ म्हणून काढून घेतलं जाईल, ते. ही भीती खोटी नाही. मी असं झालेलं पाहिलंय. एका म्हाताऱ्या शिक्षकांचे दहा हजार गेले आणि मग मुलाने त्यांच्या हातात दर महिन्याला मोजून दोन हजार द्यायला सुरुवात केली. ते मला बँकेत येऊन सांगायचे, चोराने एकदाच घेतले हो.

तरी सांगा. त्या संध्याकाळी ‘सर को क्यों परेशान करना’ म्हणणाऱ्याने तुम्हाला शेजारच्या खोलीत जाऊ दिलं नाही. चाळीस मिनिटांचा तो फोन कधीचा संपला, आणि तुम्ही अजून त्याचंच ऐकताय. सांगताना मात्र सुरुवात रडण्यापासून करू नका, कामापासून करा. ‘असं असं झालं, १९३० ला तक्रार केली, हा पोच क्रमांक, एकतीस हजार अडकवलेत, बँकेला हे पत्र द्यायचंय, तू मजकूर बघ.’ कागद समोर असले की उपदेशाला जागा कमी राहते. वर एक अटही घाला, ‘माझं खातं मीच बघणार. फक्त पाच हजारांच्या वरचा व्यवहार करायच्या आधी तुला फोन करेन, आणि तूही मला करायचास.’ तूही मला, हे विसरू नका. फसणाऱ्यांत नोकरदार तरुण कमी नाहीत. घरबसल्या व्हिडिओ लाइक करा आणि रोज पाचशे मिळवा या टेलिग्रामवरच्या कामांत अडकतात ते आपल्या वयाचे नसतातच.

आता हे. म्हणजे तुमचे ‘हे’.

तुम्ही लिहिलंय त्यावरून, कुणीतरी त्यांना न विचारता ग्रुपमध्ये घेतलं. दीडशे माणसं, एक ‘सर’, त्यांची एक मदतनीस मॅडम, जी रोज सकाळी गुड मॉर्निंग आणि गुलाबाचं फूल पाठवते. रोज कुणीतरी नफ्याचा फोटो टाकतं आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. एक ॲप आहे, त्यात तुमच्या यांचे साडेतीन लाख आज अकरा लाख दिसतायत. मध्यंतरी पाच हजार काढून बघितले, ते आलेसुद्धा, म्हणून खात्री पटली. ताई, ते पाच हजार म्हणजे गळाला लावलेलं आमिष. आणि ती दीडशे माणसं, त्यांतली निम्मीअधिक एकाच खोलीत बसलेली असू शकतात. अशा कित्येक टोळ्या कंबोडिया-म्यानमारच्या कुंपणबंद आवारांतून चालतात, आणि त्या खोल्यांत नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेले आपले भारतीय तरुणही सापडलेत.

तुमच्या यांच्याशी वाद घालू नका. तुमचे पैसे नुकतेच गेलेत, त्यामुळे ‘तू फसलीस, मी शहाणा’ हे त्यांना मनातून हवंच असणार. माणसाचा स्वभाव आहे. त्यापेक्षा प्रश्न विचारा, आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.

पहिला प्रश्न, पैसे कुणाच्या नावाने पाठवले? पासबुक काढून बसा. तुम्ही एक नोंद पाठवलीय, त्यात कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव आहे, दुसरीत एका एंटरप्रायजेसचं. दलालाकडे खातं असेल तर पैसे दर वेळी त्याच एका दलालाच्या नावाने जातात, महिन्याला नवं दुकान निघत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलालांसाठी ‘@व्हॅलिड’ असं लिहिलेला यूपीआय पत्ता आणलाय, आणि खातं खरं की खोटं ते तपासायला ‘सेबी चेक’ नावाची सोयही केलीय. त्यांनाच त्यावर तो खाते क्रमांक टाकून बघायला सांगा.

दुसरा प्रश्न, शेअर आहेत कुठे? घेतलेले शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडच्या डीमॅट खात्यात पडतात, आणि व्यवहार झालेल्या महिन्याचं एकत्रित विवरणपत्र तुमच्या ईमेलवर येतं. ग्रुपच्या ॲपमध्ये अकरा लाख आणि विवरणपत्रात काहीच नाही, तर शेअर नाहीत. ‘ते इन्स्टिट्यूशनल खात्यात आहेत’ असं सर म्हणतील. घरगुती गुंतवणूकदारासाठी असलं खातं नसतं. ‘आयपीओ लागला, आता एवढे भरा’ असंही म्हणतील. खऱ्या आयपीओत, म्हणजे कंपनीच्या पहिल्या शेअरविक्रीत, तुमची रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडकवून ठेवतात, शेअर लागले तरच ती कापली जाते.

तिसरं प्रश्न नाही, प्रयोग आहे. त्यांना म्हणा, ‘मला घरच्या खर्चाला हवेत, आज सगळे काढा.’ पाच हजार नाही, सगळे. मग उत्तर येईल, आधी नफ्यावरचा वीस टक्के कर भरा, मग पैसे सुटतील. तिथे तुमचं शिक्षण कामी येऊ द्या. नफ्यावरचा कर सरकारला भरायचा असतो, आपल्या आयकर विवरणपत्रासोबत, स्वतःच्या पॅनवर. दलाल तो आगाऊ, वेगळ्या खात्यात, पैसे सोडायच्या आधी मागत नाही. अकरा लाख तुमचेच आहेत तर त्यातूनच कापून घ्या म्हणावं, आणि काय सांगतात ते ऐका.

हे तिन्ही करताना त्यांना ग्रुपमध्ये काही लिहू देऊ नका, आणि ग्रुप सोडूही देऊ नका. आधी सगळ्या संदेशांचे, ॲपमधल्या पानांचे आणि बँकेच्या नोंदींचे फोटो काढून ठेवा. बाहेर पडलं की पलीकडून पुरावा पुसला जातो. मग १९३०, तुमच्यासारखंच, पण त्याच दिवशी.

तुम्ही म्हणालात मुलगा येत्या शनिवारी येतोय. तोवर त्यांनी ‘कर’ म्हणून काही भरू नये एवढं बघा, हवं तर चेकबुक तुमच्या कपाटात ठेवा आणि रागावले तर रागावू देत. सगळे पैसे मागितल्यावर सर काय म्हणाले, ते मला जरूर कळवा. पत्ता तोच.

तुमची,
सदरलेखिका